अज्ञात जनुके आणि अभावाचे प्रमाण

मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस थॅलियाना ही वीतभर उंचीची रानटी वनस्पती ना खाण्याच्या उपयोगाची, ना औषधाच्या. तरीही फुले धरणाऱ्या वनस्पतींपैकी जिचा संपूर्ण जनुकसंच, म्हणजे पेशीतील आनुवंशिक द्रव्याचा समग्र क्रम, सर्वांत आधी उलगडला गेला ती हीच. डिसेंबर २००० मध्ये हा क्रम प्रसिद्ध झाला तेव्हा तीत २५,४९८ जनुके असावीत असा अंदाज मांडण्यात आला. अन्य जीवांतील परिचित प्रथिनांशी असलेल्या साम्याच्या आधारे त्यांपैकी शेकडा ६९ जनुकांचे काहीएक वर्गीकरण करता आले होते, परंतु प्रत्यक्ष प्रयोगाने ज्यांचे काम तपासले गेले होते ती शेकडा ९ च होती, आणि सुमारे ३० टक्के जनुके कोणत्याही वर्गात बसत नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०१० पर्यंत या वनस्पतीच्या प्रत्येक जनुकाचे कार्य निश्चित करण्याचा संकल्प सोडला होता. ती मुदत केव्हाच उलटली, ज्ञानाची भर विपुल पडली, तरी 'कार्य अज्ञात' हा शेरा यादीतून गेलेला नाही.

हा शेरा वरवर पाहता साधा वाटतो, पण 'अमुक जनुकाचे कार्य अमुक' या ज्या विधानाने तो खोडायचा असतो त्या विधानात तीन निराळे दावे गुंतलेले आहेत. ते जनुक एका विशिष्ट परिणामाचे कारण आहे, हा पहिला. तो परिणाम घडवण्याची शक्ती त्या जनुकाच्या ठायी वसते, हा दुसरा. आणि तो परिणाम घडावा यासाठीच ते जनुक तेथे आहे, हा तिसरा. कारणता, शक्ती आणि प्रयोजन ही तिन्ही प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलण्यात 'कार्य' या एकाच शब्दाखाली नांदतात, परंतु प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे आणि एकाच्या पुराव्यावर दुसरा दावा पदरात पाडून घेण्याची चूक फार सहज घडते. भारतीय दर्शनांनी, विशेषतः न्याय आणि मीमांसा यांनी, हे प्रश्न अलग ठेवून शतकानुशतके वाद केला. तो वाद जनुकांसाठी केलेला नव्हता, आणि आधुनिक शोध प्राचीन आचार्यांना आधीच ठाऊक होते असे सुचवणे हा विज्ञानाचा आणि त्या आचार्यांचा सारखाच अवमान ठरेल. तथापि एखादी गोष्ट नसल्यावरून तिचे कार्य कसे कळते, आणि काही दिसले नाही यावरून ते नाही असे केव्हा म्हणता येते, हेच त्या वादाचे मर्म असल्याने अज्ञात जनुकांच्या शोधात काय सिद्ध होते आणि काय होत नाही हे पारखण्यास त्याच्याइतके धारदार साधन क्वचितच सापडेल.

नव्या जनुकाला पहिली ओळख मिळते ती साम्यावरून. जनुक म्हणजे बहुतांशी एखादे प्रथिन घडवण्याचा रासायनिक आराखडा. प्रथिन अमिनो आम्लांच्या साखळीचे बनते, आणि दोन साखळ्यांतील क्रम पुरेसा सारखा आढळला की दोन्ही एकाच पूर्वज जनुकापासून उतरल्या असाव्यात व त्यांचे वर्तनही मिळतेजुळते असावे असे अनुमान केले जाते. साम्यावरून होणाऱ्या ज्ञानाला न्यायदर्शनाने 'उपमान' हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले आहे, पण त्याचे फळ मात्र फार काटेकोरपणे मर्यादित केले आहे. गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो असे ऐकलेला मनुष्य अरण्यात तसा प्राणी पाहतो, तेव्हा 'गवय' या नावाने ओळखला जातो तो हाच, एवढेच त्याला कळते. नाव आणि नामधारी वस्तू यांचा संबंध यापलीकडे उपमान काही देत नाही. जनुकांच्या याद्यांतील साम्याधारित शेऱ्यांचे सामर्थ्यही नेमके एवढेच आहे, आणि ते विसरल्यास काय होते हे भाताच्या दोन जनुकांवरून ध्यानात येते. ओडिशातील स्थानिक भातातून निवडलेल्या एफआर-१३ए या वाणात पुरात टिकून राहण्याचा गुण आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेले 'सब-१ए' हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. २००९ मध्ये खोल पाण्यातील भातात 'स्नॉर्केल' या नावाची दोन जनुके सापडली. इथिलीन या वायुरूप संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या, इतर जनुकांची चालू-बंद स्थिती ठरवणाऱ्या प्रथिनांच्या एकाच घराण्यात ही सगळी मोडतात. पण सब-१ए पाण्याखाली गेलेल्या रोपाची वाढ रोखते, साठवलेले पिष्ट वाचवते आणि सुमारे दोन आठवडे रोपाला तग धरायला लावते, तर स्नॉर्केल जनुके खोडाची पेरी झपाट्याने लांबवून रोपाचा शेंडा पाण्याबाहेर काढतात. घराणे एक, संकटही एक, आणि वर्तन परस्परविरुद्ध. साम्याने नाव बरोबर सांगितले होते. काम सांगणे त्याच्या अधिकारातच नव्हते.

काम कळण्यासाठी दुसरा मार्ग धरावा लागतो, आणि त्याचे भारतीय परंपरेतील नाव 'अन्वय-व्यतिरेक' असे आहे. एक असताना दुसरे असणे हा अन्वय, आणि एक नसताना दुसरे नसणे हा व्यतिरेक. या पद्धतीचा एक अतिशय निर्मळ वापर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील पतंजलीच्या महाभाष्यात आढळतो, आणि योगायोगाने तेथील उदाहरणही वृक्षाचेच आहे. शब्दाच्या कोणत्या तुकड्याला कोणता अर्थ आहे हे कसे ठरवावे, असा तेथील प्रश्न आहे. 'वृक्षः' म्हटले की मूळ, खोड, फळे, पाने असलेली एक वस्तू कळते. 'वृक्षौ' म्हटले की तशाच दोन वस्तू कळतात. पहिल्या रूपातील विसर्ग गेला आणि 'औ' आला, त्याबरोबर एकत्व गेले आणि द्वित्व आले, पण 'वृक्ष' हा ध्वनिसमूह टिकला तशी मूळ-खोड-पानांची वस्तूही टिकली. म्हणून जो अर्थ गेला तो गेलेल्या तुकड्याचा आणि जो राहिला तो राहिलेल्या तुकड्याचा, असे पतंजली ठरवतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी केलेल्या भाष्याच्या अनुवादामुळे हा विचार मराठी वाचकाला आपल्या भाषेत उपलब्ध आहे, आणि वनस्पतिजनुकांच्या अभ्यासकाने तो जरूर वाचावा. कारण अखंड दिसणाऱ्या कार्यातून एकेका घटकाचा वाटा वेगळा काढण्याची जी शिस्त त्याला प्रयोगात पाळावी लागते, तिचे इतके स्वच्छ विवरण अन्यत्र शोधून काढणे अवघड आहे.

व्यतिरेक प्रत्यक्षात आणण्याची युक्ती निसर्गातच मिळाली. अॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतील जिवाणू आपल्या आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीत घुसवतो आणि तो तुकडा वनस्पतीच्या गुणसूत्रांत कोठेही जाऊन बसतो. तो एखाद्या जनुकाच्या मधोमध बसला तर ते जनुक निकामी होते. अरॅबिडॉप्सिसची फुले या जिवाणूच्या द्रावणात बुडवली की पुढील पिढीच्या काही बियांत असे तुकडे सापडतात. अमेरिकेतील सॉल्क संस्थेच्या पुढाकाराने या रीतीने सुमारे सव्वादोन लाख स्वतंत्र तुकडे घुसवले गेले, त्यांपैकी ८८,००० हून अधिक तुकड्यांची नेमकी जागा शोधण्यात आली, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे २१,७०० हून अधिक जनुके निकामी झालेली बियाणी जगभरच्या अभ्यासकांना मागवता येऊ लागली. जनुक नसलेले रोप आणि असलेले रोप शेजारी शेजारी वाढवायचे आणि काय बदलले ते पाहायचे, ही पद्धत अशा प्रकारे व्यापक प्रमाणावर शक्य झाली.

तिच्यातून हाती येणारे ज्ञान कोणत्या जातीचे असते हे मेंडेलच्या वाटाण्याइतके दुसरे काही स्पष्ट करत नाही. गोल आणि सुरकुतलेले दाणे ही त्याने १८६५ साली मांडलेल्या सात गुणजोड्यांपैकी एक. सुरकुतीला कारण होणारे जनुक प्रत्यक्ष ओळखले गेले ते सव्वाशे वर्षांनी, १९९० मध्ये, इंग्लंडमधील नॉरिच येथे. आणि तेव्हा उघड झाले की सुरकुती पाडणारे असे जनुक मुळात नाहीच. आहे ते पिष्टाच्या रेणूला फांद्या फोडणाऱ्या विकराचे जनुक. सुरकुतलेल्या वाणात या जनुकात सुमारे ८०० घटकांचा एक उपरा तुकडा शिरलेला असतो व त्यामुळे विकर बनत नाही. विकर नाही म्हणून पिष्ट कमी बनते, पिष्ट कमी म्हणून साखर साठून राहते, साखरेमुळे वाढत्या दाण्यात पाणी अधिक ओढले जाते, आणि दाणा पक्व होऊन वाळताना ते पाणी गेले की आक्रसलेल्या गाभ्यावरची साल सुरकुतते. कारणांची साखळी पूर्ण आहे, तिचा दुवा न् दुवा तपासलेला आहे. परंतु डोळ्यांना दिसणारा परिणाम आणि जनुकाचे साक्षात काम यांच्यात इतके अंतर आहे की एकावरून दुसऱ्याचे नुसते अनुमान करू गेलेला मनुष्य दाण्याच्या सालीतच अडकून पडला असता. व्यतिरेकाने फरक कळतो, आणि फरकाचे कारण म्हणजे कार्य असे मानणे हे एक वेगळेच पाऊल आहे.

नैयायिकांना हे पाऊल किती घसरडे आहे याची पुरती जाणीव होती. विश्वनाथ पंचाननाच्या सतराव्या शतकातील भाषापरिच्छेदात कारणाची व्याख्या करताना 'अन्यथासिद्ध' पदार्थ कसोशीने वगळले आहेत. कार्याच्या आधी हजर असूनही ज्यांच्यावाचून कार्याची उपपत्ती लागते ते अन्यथासिद्ध. घट बनण्यापूर्वी कुंभाराचा दंड असतो, तसा त्या दंडाचा रंग असतो, आकाश असते, कुंभाराचा पिता असतो आणि माती वाहून आणणारे गाढवही असते. पण कारण म्हणायचे ते दंडाला. यांतील दंडाच्या रंगाचे उदाहरण जनुकशास्त्रज्ञाच्या विशेष कामाचे आहे, कारण जिवाणूने घुसवलेला तुकडा एकटाच असतो असे नाही: त्याच रोपात दुसरीकडे आणखी एखादा तुकडा बसलेला असतो, किंवा शेजारच्या जनुकात काही बिघाड झालेला असतो, आणि तो बिघाड निकामी जनुकाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतो, जसा रंग दंडाबरोबर चालतो. म्हणून त्याच जनुकात वेगळ्या जागी मोडतोड झालेले दुसरे रोप घेऊन पाहिले जाते, आणि निकामी रोपात त्या जनुकाची धड प्रत परत घालून मूळ गुण पुन्हा अवतरतो की नाही हे तपासले जाते. व्यतिरेकाला अन्वयाची जोड मिळाल्याखेरीज कारणता सिद्ध होत नाही हा न्यायशास्त्राचा आग्रह आज शोधनिबंध स्वीकारण्याची अट होऊन बसला आहे.

इतके केल्यावर कारणतेचा प्रश्न सुटावा. पण वनस्पतींत तो येथेच अधिक बिकट होतो, कारण एक जनुक काढले तरी पुष्कळदा काहीच बदलत नाही. या अडचणीचे स्वरूप नीट पाहण्यासाठी फुलाच्या घडणीचा इतिहास थोडा विस्ताराने घेणे आवश्यक आहे. फुलात बाहेरून आत चार वलये असतात: हिरवी निदले, रंगीत पाकळ्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर. १९९१ मध्ये एन्रिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी मांडले की ही चार वलये तीन प्रकारच्या जनुकांच्या मिलाफातून ठरतात. पहिला प्रकार एकटा असेल तेथे निदल, पहिला व दुसरा असतील तेथे पाकळी, दुसरा व तिसरा असतील तेथे पुंकेसर, तिसरा एकटा असेल तेथे स्त्रीकेसर. तिसऱ्या प्रकारातील 'अॅगॅमस' हे जनुक निकामी झाले की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि स्त्रीकेसराच्या जागी नवे फूलच सुरू होते, त्यात पुन्हा तसेच, आणि असे फुलात फूल उमलत राहते. या अॅगॅमसशी क्रमाने मिळतीजुळती आणखी तीन जनुके अरॅबिडॉप्सिसमध्ये सापडली होती. साम्यावरून त्यांना 'अॅगॅमससदृश' अशा अर्थाची नावे व २, ४, ९ हे क्रमांक मिळाले होते. त्यांपैकी कोणतेही एक निकामी केले तरी फूल जवळजवळ नेहमीसारखेच उमलत असे. २००० साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे एका चमूने तिन्ही जनुके एकाच रोपात निकामी केली, तेव्हा त्या फुलात पाकळ्याही नव्हत्या, पुंकेसरही नव्हते, स्त्रीकेसरही नव्हता. आतपर्यंत सगळी निदलेच होती. तेव्हापासून ही जनुके 'सेपॅलाटा' या नावाने ओळखली जातात. २००४ मध्ये त्याच घराण्यातील चौथे जनुकही काढले गेले आणि फुलाच्या जागी नुसती पानांसारखी अंगे उगवली. फुलाचे प्रत्येक अंग हे पानाचेच रूपांतर आहे असे जर्मन कवी गोएथे याने १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावरील आपल्या निबंधात प्रतिपादले होते. त्या प्रतिपादनाला दोन शतकांनी मिळालेला हा सर्वांत थेट व्यतिरेक होय. अन्वयही त्याआधीच, २००१ मध्ये, मिळाला होता: सेपॅलाटासह योग्य ती जनुके पानांत एकत्र चालू केली की पानांचे रूपांतर पाकळ्यांसारख्या अंगांत होते.

आता, सेपॅलाटातील एकच जनुक काढले असता फूल टिकले, यावरून ते जनुक फुलाचे कारण नाही असे म्हणावे काय? व्यतिरेकाचा नियम शब्दशः लावला तर तसेच म्हणावे लागेल. दर्शनांत हीच अडचण 'तृणारणिमणिन्याय' या नावाने प्रसिद्ध आहे. अग्नी गवतापासून पेटतो, अरणीच्या लाकडांच्या घर्षणाने पेटतो आणि सूर्यकांत मण्याने सूर्यकिरण एकवटूनही पेटतो. यांतील प्रत्येक साधन नसताना अग्नी होऊ शकतो, मग अग्नीचे कारण यांतील एकही नाही काय? मीमांसकांचे उत्तर असे की तिघांतही अग्नी उत्पन्न करण्याची एकच अदृश्य शक्ती आहे आणि खरे कारण ती शक्ती. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हे उत्तर नाकारले. त्यांच्या मते शक्ती नावाचा वेगळा पदार्थ मानण्याची गरज नाही. गवताचा अग्नी, अरणीचा अग्नी आणि मण्याचा अग्नी हे एका नावाचे असले तरी जातीने भिन्न आहेत, आणि प्रत्येक जातीचा आपल्या कारणाशी व्यतिरेक अबाधित आहे.

जनुकांच्या बाबतीत या दोन्ही उत्तरांचे मोल स्वतंत्रपणे ठरवावे लागते. मीमांसकाची समान शक्ती येथे केवळ कल्पना राहत नाही: सेपॅलाटा जनुके एका पूर्वज जनुकाच्या प्रती होऊन उत्पन्न झाली, त्यांची प्रथिने एकमेकांची जागा घेऊ शकतात, आणि त्या समानतेचे भौतिक अधिष्ठान त्यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात बोट ठेवून दाखवता येते. तरीही अधिक खोल आहे ते उदयनाचार्यांचेच म्हणणे. परिणाम एकसारखा दिसतो तेथे तो खरोखर एकसारखा आहे की पाहणाऱ्याची नजर स्थूल आहे, हा प्रश्न त्यांनी उभा केला. आणि सेपॅलाटाचे एकेक जनुक गमावलेली फुले बारकाईने पाहिली असता त्यांत सूक्ष्म फरक सापडतातच. शिवाय शक्ती जनुकात साठून असते ही कल्पना सेपॅलाटापुढे टिकत नाही. या जनुकाचे प्रथिन एकटे पाकळी घडवत नाही; इतर प्रकारच्या प्रथिनांशी त्याचा संघ जुळावा लागतो, तो संघ योग्य पेशीत योग्य वेळी व्हावा लागतो, आणि पाकळ्यांच्या व पुंकेसरांच्या वलयांत ते प्रथिन एकच असूनही साथीदार बदलले की फळ बदलते. नैयायिक ज्याला 'सामग्री' म्हणतात, म्हणजे सर्व कारणांचा आणि प्रतिबंधकांच्या अभावाचा मिळून झालेला पूर्ण समुदाय, त्या सामग्रीतच कार्य उत्पन्न होते. जनुकाला कारण म्हणणे योग्य आहे, असाधारण कारण म्हणणेही बहुधा योग्य आहे. पण कार्य हा जनुकाच्या अंगचा, सामग्रीवाचून टिकणारा गुण आहे असे समजणे म्हणजे दुसऱ्या दाव्याचा पुरावा नसताना तो मान्य करणे होय.

येथपर्यंत चर्चा होती ती काही दिसले तेव्हाची. अज्ञात जनुकांच्या यादीचा मोठा भाग मात्र ज्या जनुकांना काढून काहीच दिसले नाही त्यांचा आहे, आणि याबाबतीत दर्शनांचे सर्वांत उपयुक्त साहाय्य मिळते ते 'अनुपलब्धी'च्या चर्चेतून. कुमारिल भट्टाच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी न आढळणे हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले. प्रभाकराच्या अनुयायांनी ते मानले नाही, तर बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने त्याला अनुमानाच्या पोटात घातले. मतभेद तीव्र होता, पण एका अटीबाबत या प्रमाणाचे समर्थक आणि धर्मकीर्ती यांचे एकमत होते: न आढळणे योग्य असले पाहिजे. जमिनीवर घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच तो न दिसण्यावरून तो नाही असे म्हणता येते. अंधारात घट न दिसणे हे घटाच्या अभावाचे प्रमाण नव्हे. या अटीला 'योग्यता' म्हणतात. जनुक काढून रोपात फरक दिसला नाही असे जेव्हा नोंदवले जाते, तेव्हा विचारायचा प्रश्न हाच की फरक असता तर तो दिसण्याजोगी परिस्थिती होती काय.

पुष्कळदा ती नसते. अरॅबिडॉप्सिसमध्ये पेशीचा सांगाडा उभारणाऱ्या अॅक्टिन या प्रथिनाची आठ कार्यक्षम जनुके आहेत. त्यांतील काही जनुके एकेकटी निकामी केलेली रोपे दिसायला निरोगी होती. पण जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी निकामी आणि धड जनुके असलेल्या रोपांच्या पिढ्या एकामागून एक वाढत ठेवल्या, तेव्हा निकामी जनुकाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा घटत गेले, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका पिढीच्या अवलोकनात जी हानी अदृश्य होती ती अनेक पिढ्यांच्या हिशेबात उघड झाली. सब-१ए चेही तसेच आहे. स्वर्णा या लोकप्रिय भातात ते जनुक संकराने आणून तयार केलेला स्वर्णा-सब-१ हा वाण भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. शेतात पाणी साचले नाही त्या वर्षी त्याचे उत्पन्न स्वर्णाच्या बरोबरीचेच येते, आणि त्या वर्षीची दोन शेते पाहणाऱ्याला सब-१ए हे कार्यहीन जनुक वाटले तर त्याचे डोळे दोषी नाहीत, त्याने निवडलेले वर्ष अयोग्य आहे. याहूनही विचारात टाकणारी बाब अशी की तुलनेसाठी जे रोप प्रमाण धरले जाते तेच कधी अपुरे असते. युरोपच्या थंड भागांतील पुष्कळ रानटी अरॅबिडॉप्सिस हिवाळा सोसल्याखेरीज फुलत नाही, कारण 'फ्रिजिडा' नावाचे जनुक 'एफएलसी' या दुसऱ्या जनुकाला जोर देते आणि एफएलसी फुलण्याला प्रतिबंध करते. दीर्घ थंडीने हा प्रतिबंध उठतो. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या 'कोलंबिया' या वाणात फ्रिजिडा मुळातच निकामी आहे. ज्या रोपाने थंडीची वाट पाहण्याचे सोडून दिले आहे, आणि जे स्थिर तापमानाच्या खोलीत ठरलेल्या प्रकाशात, वेळेवर मिळणाऱ्या पाण्यावर व खतावर वाढवले जाते, त्याच्यावरून दुष्काळाची, किडीची, खाऱ्या जमिनीची वा लांबलेल्या हिवाळ्याची जनुके ओळखू पाहणे म्हणजे अंधारात घट शोधणे होय. अशा रोपाच्या साक्षीवर एखादे जनुक निरुपयोगी ठरवणे हा पद्धतीचाच दोष आहे, आणि त्याची गणना साध्या प्रयोगदोषांत करून पुढे जाणे योग्य होणार नाही.

उरतो तिसरा दावा, प्रयोजनाचा. आणि धर्मविचाराला सर्वांत जवळचा तोच. अचेतन वस्तू एखाद्या हेतूसाठी प्रवृत्त होऊ शकते काय? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेने होकारार्थी उत्तर दिले आणि दृष्टांत दिला तो वासराच्या पोषणासाठी स्रवणाऱ्या अचेतन दुधाचा. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो अमान्य केला: दूध स्रवते ते सचेतन गाईच्या वात्सल्याने, आणि जेथे अचेतनाची हेतुपूर्ण प्रवृत्ती दिसते तेथे चेतनाचे अधिष्ठान मानलेच पाहिजे. उदयनाचार्यांची न्यायकुसुमांजली तर ईश्वरसिद्धीसाठीच लिहिली गेली आहे. कारणतेची त्यांची एवढी सूक्ष्म चर्चा त्या मोठ्या युक्तिवादाचे अंग आहे हे विसरून तिचा वापर करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८५९ मध्ये डार्विनने या दोन पक्षांखेरीज नैसर्गिक निवडीची तिसरी वाट दाखवली, आणि अमेरिकन तत्त्वज्ञ लॅरी राइट याने १९७३ मध्ये तिला तात्त्विक रूप दिले: एखाद्या अंगाने केलेल्या परिणामामुळेच ते अंग टिकून राहिले असेल, तर तो परिणाम त्याचे कार्य. १९७५ मध्ये रॉबर्ट कमिन्सने याहून माफक भूमिका घेतली. कोणत्याही व्यवस्थेच्या सामर्थ्यात तिच्या एका भागाचा जो वाटा, तेच त्या भागाचे कार्य, आणि तो भाग तेथे का आहे हा प्रश्न वेगळा.

प्रयोगशाळेतील अन्वय-व्यतिरेकाने सिद्ध होते ते कमिन्सच्या अर्थाचे कार्य. राइटच्या अर्थाचे कार्य सिद्ध व्हायला त्या जनुकाचा इतिहास लागतो, रानातील पिढ्यांची साक्ष लागते, आणि ती एका खोलीतल्या एका पिढीत मिळत नाही. एवढा भेद पाळला तर सांख्य आणि वेदान्त यांच्यातील वादावर जनुकशास्त्राच्या नावाने निकाल देण्याचा मोह आपोआप आवरतो. अचेतन क्रमातून हेतुपूर्ण भासणारी रचना चेतनाच्या हस्तक्षेपावाचून उत्पन्न होऊ शकते, हे निवडीच्या सिद्धान्ताने दाखवले आहे आणि त्या मर्यादेत सांख्यांचे पारडे जड झाले आहे यात शंका नाही. मात्र त्या क्रमाला अंतिम अधिष्ठान कोणते, हा शंकराचार्यांचा प्रश्न जनुके काढून वा घालून तपासता येण्याजोगा नाही, आणि जो तपासता येत नाही त्याविषयी प्रयोगाने मौन पाळणे हेच प्रयोगाच्या प्रतिष्ठेला शोभते. प्रयोजन कोणाच्या दृष्टीने, हाही प्रश्न उरतोच. सुरकुतलेल्या वाटाण्यात साखर अधिक असल्याने भाजीसाठी तो गोड लागतो आणि माळ्यांनी तो हौसेने जोपासला; मोडलेले जनुक माणसाच्या प्रयोजनाला उपकारक ठरले. रोपाच्या दृष्टीने ते हानी, माळ्याच्या दृष्टीने लाभ, आणि विकराच्या रसायनाच्या दृष्टीने ना हानी ना लाभ.

कार्य सामग्रीत असते आणि न आढळण्याला योग्यता लागते, ही दोन तत्त्वे मान्य केली की अज्ञात जनुके शोधण्याची जागाही बदलते. कसलाथ हे भारतीय उपखंडातील आउस गटाचे जुने भात निकस जमिनीतूनही स्फुरद शोषून घेते, आणि हा गुण त्याच्या बाराव्या गुणसूत्राच्या एका भागाशी निगडित आहे हे जपानमधील स्फुरदाची कमतरता असलेल्या जमिनीत केलेल्या तुलनेतून १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आले. त्या भागातील कारणीभूत जनुक २०१२ मध्ये निश्चित झाले. 'पीस्टॉल-१' असे त्याचे नाव असून त्याच्यामुळे रोपाच्या मुळांची सुरुवातीची वाढ जोमाने होते. निप्पोनबारे या ज्या जपानी वाणाचा जनुकसंच २००५ मध्ये पूर्ण उलगडून भाताचा आदर्श म्हणून स्वीकारला गेला, त्या वाणात हे जनुक मुळी अस्तित्वातच नाही. म्हणजे आदर्श यादीत त्याच्यापुढे 'अज्ञात' असा शेरा असण्याचाही प्रश्न नव्हता. खतावर पोसलेल्या आदर्श रोपाच्या प्रत्येक जनुकाचे कार्य कळले असते तरी हे जनुक त्या ज्ञानाच्या बाहेरच राहिले असते, कारण ते ज्या वाणात होते तो वाण, आणि ज्या जमिनीत ते कार्य करते ती जमीन, या दोन्ही गोष्टी पाहणाऱ्याने आधी निवडाव्या लागल्या.